शर तारकासमूहातली शेंग : मे ते ऑक्टोबर २०२५च्या नोंदी

२६ मे, सोमवार

पाऊस काल देवगडात पोचला. हवामान खात्यानेही तसं जाहीर करून टाकलं. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यामुळे सगळेच बेसावध. हापूसच्या शेवटच्या पेट्या भिजल्या, लाकडं भिजली, आणि माझी सहा इंची दुर्बीण गच्चीत उभी होती. नशिबाने वर प्लास्टिक होतं. आरसा पंख्याखाली वाळवला, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि पेटारा बंद केला. आता ऑक्टोबरपर्यंत तिचं काम नाही.

दर पावसाळ्यात मी चार महिने नुसता चरफडत बसतो. यंदा दुसऱ्याचं आकाश वापरायचं ठरवलंय. कॅलिफोर्नियात पालोमार डोंगरावर ४८ इंची श्मिट दुर्बीण आहे. तिच्यावर २०१८पासून झेडटीएफ नावाचं सर्वेक्षण चालतं. एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश मावतं, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र. फोटो ३० सेकंदांचा, आणि तेवढ्यात विसाव्या प्रतीपर्यंतचे तारे उमटतात (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक). तीच जागा पुन्हा पुन्हा टिपलेली असते आणि डेटा सगळ्यांना खुला आहे. त्यात कुणीच न नोंदलेला एक रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा शोधायचा. एक पुरे.

३ जून, मंगळवार

परवापासून मासेमारी बंदी, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून शाकारल्या. मासे नाहीत तर बर्फाला गिऱ्हाईक नाही, म्हणून फॅक्टरी ओव्हरहॉलला काढली आहे. दिवसा कॉम्प्रेसरची हेडं खोलायची, रात्री मी राखणीला. टेबल, ट्यूबलाइट, लॅपटॉप आणि अमोनियाचा तो कायमचा वास.

सुरुवात जुन्या रीतीने केली. पालोमारच्याच १९५०च्या दशकातल्या फोटोच्या काचांचे स्कॅन आणि १९९०च्या दशकातले स्कॅन डीएसएस या नेटवरच्या संग्रहात मिळतात. 'अलादिन' प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि आलटून पालटून दाखवायचे. जो तारा डोळा मारेल त्याच्याकडे बघायचं. प्लूटो १९३०मध्ये अशाच उघडझापीतून सापडला. हार्वर्डला हेन्रिएटा लेव्हिट एका रात्रीच्या काचेची उलटी प्रत दुसऱ्या रात्रीच्या काचेवर ठेवून बघायच्या. स्थिर ताऱ्याचा काळा ठिपका पांढऱ्यात बसतो, बदलणाऱ्याची कड बाहेर डोकावते. मॅगेलनच्या मेघांतले १,७७७ रूपविकारी त्यांनी या पद्धतीने १९०८मध्ये प्रसिद्ध केले.

माझा पहिला तास फुकट गेला, कारण मी एक काच निळी आणि एक तांबडी घेतली होती. मग काय, अर्धं आकाश डोळे मारायला लागलं. तांबड्याशी तांबडीच लावायची.

५ जून, गुरुवार

गावला! १९५०च्या काचेवर ठसठशीत तारा, नव्या काचेवर तिथे काहीच नाही. रात्री एकला भाचीला फोटो पाठवला. ती पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, त्या वेळी जागीच असते.

"मामा, जरा डावीकडे बघ. नवीन फोटोत एक जादा तारा आहे ना?"

होता. सत्तावीस विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकून बसला होता. म्हणजे तारा विझला नव्हता, चालत गेला होता. आपल्या जवळचा, भराभर सरकणारा तारा. बर्नार्डचा तारा तर वर्षाला दहा विकला सरकतो. अशा सरकत्या ताऱ्यांच्या यादीत माझा हा चालता तारा पहिल्यापासून आहे. पाऊण तासाचा आनंद.

१७ जून, मंगळवार

तीन दिवस लाइटचा खेळ आणि नेटचा त्याहून मोठा. टॉवर आहे टेकडीवर आणि झाड पडलंय खाली, त्यामुळे कुणी कुणाला विचारायचं हाच प्रश्न.

आतापर्यंत नऊ संशयित. सहा व्हीएसएक्समध्ये आधीपासून आहेत. ही अमेरिकेतल्या एएव्हीएसओ संस्थेची रूपविकारी ताऱ्यांची यादी, सगळे जण आधी तिथेच बघतात. एक काचेवरचा डाग निघाला. एक लघुग्रह, जुन्या काचेपुरता पाहुणा.

नववा जरा दमवणारा होता. ॲसॅसिन नावाच्या दुसऱ्या एका सर्वेक्षणाच्या आलेखात अर्ध्या प्रतीची सुंदर लाट, आवर्तकाल दहा-साडेदहा महिने. यादीत नाव नाही. मी तर व्हीएसएक्समध्ये नोंद करायचा फॉर्म भरायला घेतला होता. मग सहज म्हणून आजूबाजूला अर्ध्या कलेत, म्हणजे तीस विकलांत, काय आहे ते पाहिलं. अठरा विकलांवर एक ओळखीचा मीरा जातीचा, म्हणजे महिनोन्‌महिने सावकाश धडधडणारा, तारा, अगदी त्याच आवर्तकालाचा. ॲसॅसिनच्या दुर्बिणी म्हणजे जवळजवळ कॅमेऱ्याच्या लेन्सच, १४ सेंटिमीटरच्या. एक पिक्सेल ८ विकलांचा. शेजाऱ्याचा उजेड माझ्या ताऱ्याच्या ताटात सांडत होता आणि मी त्यालाच लाट समजत होतो. माझा तारा बिचारा ढिम्म.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : आधी शेजार बघ.

२६ जून, गुरुवार

काचा बंद. एक-दोन प्रतींचा फरक असेल तरच डोळ्याला कळतो, आणि एवढा फरक असणारे बहुतेक कधीच सापडून गेलेत. झेडटीएफच्या डेटातून निघालेल्या २०२०च्या एकाच यादीत ७,८१,६०२ आवर्ती रूपविकारी तारे आहेत. संगणकाने चाळलेलं तांदूळ पुन्हा सुपात घेऊन बसायचं, तर संगणकाने खडा समजून काय टाकलं असेल त्याचा विचार करायला हवा.

माझा अंदाज : गर्दीतले, एकमेकांना खेटून असलेले तारे. शर तारकासमूहात आकाशगंगेच्या काठाचा एक तुकडा निवडला. दोन ते चार विकलांवर तेवढ्याच तेजाचा शेजारी आहे असे तारे गाया उपग्रहाच्या यादीतून काढले आणि एकेकाचा झेडटीएफ आलेख हाताने उघडायला घेतला. रात्री चाळीस होतात. कंटाळवाणं आहे. पण जो माणूस तासाच्या तासाला बर्फाच्या टाकीचं तापमान लॉगशीटवर लिहितो त्याला कंटाळ्याचं काय कौतुक!

आये पहाटे डबा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "पावस बघ कसो पडता, आनि तू तारे खंय बघतंस?"

१२ जुलै, शनिवार

तारा क्रमांक ३१४ (माझ्या वहीतला).

तांबड्या फिल्टरमध्ये ६१२ नोंदी. बहुतेक १६.१ आणि १६.५ यांच्यामध्ये पसरलेल्या. त्याच्या वर, १५.५च्या आसपास, तीसेक ठिपक्यांचा वेगळाच थवा. हा थवा बघून मी पान उलटणार होतो, कारण असा डेटा खराबच असतो. मग लक्षात आलं की थव्याच्या सगळ्या रात्री हवा वाईट असलेल्या आहेत. प्रतिमा पसरट झाली की हा तारा आणि साडेतीन विकलांवरचा त्याचा शेजारी मिळून एकच तारा मोजला जातो. सारख्या तेजाचे दोन तारे एक झाले तर तेज पाऊण प्रतीने वाढतं. वाढलंय नेमकं तेवढंच!

थवा काढून टाकला. उरलेल्या नोंदींची पसरण मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीपेक्षा बरीच मोठी. काहीतरी आहे. डेटा भाचीला पाठवला.

१३ जुलै, रविवार

भाचीने लोंब-स्कार्गल, म्हणजे आवर्तकाल शोधायचं गणित, लावलं. उत्तर ०.१७१६ दिवस, म्हणजे ४ तास ७ मिनिटं. पण बाजूला ०.२०७२ आणि ०.१४६५ अशी दोन शिखरं जवळजवळ तेवढ्याच उंचीची. खरं कुठलं? तिने 'एलियास' म्हणून काहीतरी सांगितलं, ते मला फोनवर कळलं नाही. सकाळी जेटीवर उभा असताना कळलं.

भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. समजा मी रोज बरोबर सहालाच जेटीच्या पायरीवर पाण्याची खूण केली आणि बाकी दिवसभर डोळे मिटून घेतले, तर माझ्या वहीत पाणी पंधरवड्याला एकदा चढेल आणि एकदा उतरेल. मी शपथेवर सांगेन की समुद्राला पंधरा दिवसांनी एक भरती येते. आकडे खरे, निष्कर्ष खोटा. पालोमारवरही रात्रच तेवढी दिसते, रोज साधारण त्याच वेळी. त्यामुळे दिवसाला ५.८ फेरे मारणारा तारा ४.८ आणि ६.८ फेऱ्यांचंही सोंग आणतो.

यावर उपाय एकच, दुसऱ्या जेटीवर माणूस उभा करायचा. 'ॲटलस' सर्वेक्षणाच्या दुर्बिणी हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. पृथ्वीवर एकमेकींपासून लांबच्या जागा, म्हणजे वेगवेगळे सहा वाजलेले. तिथे ताऱ्याचा पत्ता टाकून मोजणी मागवता येते.

२० जुलै, रविवार

ॲटलसची मोजणी आली. ०.१७१६ टिकला, बाकी दोघे पडले.

पण ॲटलसमध्ये तेजाचा चढउतार फक्त ०.१७ प्रत, आणि झेडटीएफमध्ये ०.३८. पूर्वीचा मी असतो तर घाबरलो असतो. ॲटलसचा पिक्सेल जवळजवळ दोन विकलांचा, त्याला दोन्ही तारे एकच दिसतात. न बदलणारा शेजारी आपला उजेड ओततच राहतो, त्यामुळे खोली निम्मी भासते. चहात पाणी घातल्यावर साखर तेवढीच राहते आणि गोडी कमी होते, तसं. गणित घालून बघितलं : ०.३८ने मंदावणारा एक आणि तेवढाच तेजस्वी स्थिर एक, दोघांची बेरीज ०.१७नेच मंदावते. जुळलं.

३० जुलै, बुधवार

काल कॉम्प्रेसर जोडला. उद्यापासून टाकीत मीठपाणी थंड करायला लागेल, पहिल्या लादीला दोन दिवस जातील. रात्रीच्या निवांतपणाचे शेवटचे दिवस.

या आठवड्यात कामापेक्षा वाचनच जास्त. राधागोविंद चंद्र यांच्याबद्दल वाचलं. बंगालातल्या जेसोरच्या कचेरीत खजिन्यावर नोकरी, दिवसा नाणी पारखायची आणि रात्री रूपविकारी तारे. एएव्हीएसओला त्यांनी ३७ हजारांवर निरीक्षणं पाठवली. संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण अमेरिकेहून वापरायला पाठवली होती, ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. माझीही दुर्बीण सहा इंचीच, पण क्रमांक ३१४ तिच्या आवाक्यापेक्षा वीसेक पट अंधुक आहे. मी त्याला डोळ्याने कधीच बघणार नाही. याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला!

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. नारळ सोडला. फॅक्टरीत उसंत नाही, लाद्यांना रांग.

रात्री अर्धा तास मिळाला त्यात एक गोष्ट केली. ०.१७१६ दिवसांवर घडी घातली, म्हणजे सगळे फेरे एकावर एक ठेवले, की आलेख स्वच्छ येतो खरा, पण खालच्या टोकाला रेघ जाड दिसते. दुप्पट काळावर, ०.३४३२वर, घडी घातली तर दोन खळगे वेगळे होतात, आणि एक दुसऱ्यापेक्षा ०.०५ प्रतीने खोल. आमच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त सुकते. दोन्हींना एकच समजून तास मोजले तर अर्धाच काळ हाती लागतो.

म्हणजे हा आकुंचन-प्रसरण पावणारा एकटा तारा नसावा. जोडतारा असावा, दोघे इतके जवळ की एकमेकांना चिकटलेले, ८ तास १४ मिनिटांत एक गिरकी. दुसरा पुरावा रंगाचा. धडधडणारा तारा तापतो-निवतो, म्हणून हिरव्या फिल्टरमध्ये त्याचा चढउतार तांबड्यापेक्षा ठळकपणे जास्त असतो. इथे दोन्हींत जवळजवळ सारखा. अशा चिकटलेल्या जोडीची जात ईडब्ल्यू.

३० ऑगस्ट, शनिवार

घरात गणपती, चाकरमानी, भजन, आणि माळ्यावर मी आणि भाची लॅपटॉप घेऊन. ती म्हणाली, "मामा, सगळं ठीक आहे, पण दोघांतला नेमका कोण बदलतोय ते तू दाखवलेलं नाहीस." आणि ते खरंच होतं. झेडटीएफ एका ताऱ्याचं नाव सांगतं, पण साडेतीन विकलांवर नावांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. चुकीच्या ताऱ्याची नोंद करण्यापेक्षा न केलेली बरी.

मग चांगल्या हवेच्या रात्रींचे मूळ फोटो उतरवले. दहा जेव्हा तारा सर्वांत तेजस्वी असायला हवा तेव्हाचे, दहा सर्वांत मंद असायला हवा तेव्हाचे. पिक्सेल स्क्रीनवर सेंटिमीटरभर होईपर्यंत मोठा केला. तारे कसले, भुईमुगाची शेंग दिसते. मधे किंचित आवळलेली, दोन्हीकडे दाणा. स्क्रीनवर सेलोटेप चिकटवली आणि पहिल्या तेजस्वी फोटोतल्या शेंगेची कड पेनाने काढून घेतली. मग त्याच टेपखाली मंद फोटो आणला. वरचा दाणा रेघेला टेकलेला, खालचा आत गेलेला. पुढचा फोटो, तेच. पुढचा, तेच. सातव्या फोटोत उलटं वाटलं, तर त्यात एका वैश्विक किरणाने दाण्यावरच पांढरा ठिपका उमटवला होता. तो बाद.

भाचीला टेप पटत नाही. तिने दोन्ही मिळून प्रकाशाचा मध्य कुठे येतो ते प्रोग्रॅमने काढलं. मंद वेळी मध्य पाव विकलेहून थोडा जास्त वरच्या ताऱ्याकडे सरकतो. दोनापैकी एक तीस टक्क्यांनी मंदावला तर एवढाच सरकायला हवा. खालचा तारा. पक्का.

खालून आयेची हाक : "मोदक थंड होतत! तारो काय पळान जाता?"

७ सप्टेंबर, रविवार

खग्रास चंद्रग्रहण. अकराला खग्रास लागलं तेव्हा वर नुसता कापूस. बारानंतर ढगाच्या फटीतून दोनदा तांबूस तुकडा दिसला.

१४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा एकदा यादी तपासली. व्हीएसएक्समध्ये एका कलेच्या आत काही नाही. व्हिजिएर या ताऱ्यांच्या याद्यांच्या साइटवर ॲटलसची, झेडटीएफची, गायाची रूपविकारींची कोष्टकं एकेक बघितली. शेजारच्याचंही नाव नाही.

आवर्तकाल घासून घेतला : ०.३४३२३ दिवस. पाच दशांश ही हौस नाही. सहा वर्षांच्या डेटात या जोडीने ६,४०० गिरक्या मारल्यात. पाचव्या दशांशात एकाचा फरक पडला तर शेवटच्या गिरकीपर्यंत दीड तासाची चूक साठते आणि घडी विस्कटते. वेळाही सूर्यावर उभं राहून बघितल्यासारख्या लावायच्या. पृथ्वी वर्षभरात कधी ताऱ्याकडे असते, कधी पलीकडे, आणि प्रकाशाला ते अंतर कापायला मिनिटं लागतात. शर क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासून) लांब आहे म्हणून फरक पूर्ण सव्वाआठ मिनिटांचा पडत नाही, साडेसहाच्या आसपास पडतो.

फॉर्म भरला. स्थान, जात, कमाल-किमान प्रत, आवर्तकाल, एका खोल खळग्याची वेळ, आलेख, आणि बाण काढलेला नकाशा. नाव म्हणजे गायाचा एकोणीस आकडी क्रमांक. आयेने "तेचा नाव काय ठेयलंस?" म्हणून विचारलं तेव्हा आकडा वाचून दाखवला. ती उठून आत गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

नोंद परत आली. तपासणाऱ्याची भाषा अगदी सौम्य : दिलेल्या वेळेला खोल खळगा येत नाही, दुय्यम खळग्याच्या जवळपास काहीतरी येतं, कृपया पाहावे.

दोन रात्री आवर्तकालावर संशय घेतला, मग जातीवर, मग भाचीच्या प्रोग्रॅमवर. तिच्यावर घ्यायला नको होता. चूक माझी, आणि अगदी कारकुनी. झेडटीएफच्या फाइलमध्ये वेळेचे दोन रकाने असतात. मी छोटा घेतला, ६०१२३.३४१२, आणि पूर्ण ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजदाद) करायला त्यात २४ लाख मिळवले. मिळवायचे असतात २४ लाख आणि वर अर्धा. ज्युलियन दिवस दुपारी बाराला सुरू होतो, म्हणजे रात्रभर दुर्बिणीशी बसणाऱ्याची तारीख मध्येच बदलत नाही. छोटा आकडा मात्र मध्यरात्रीपासून मोजतात. अर्धा दिवस म्हणजे माझ्या जोडीच्या जवळजवळ दीड गिरक्या. म्हणून माझी वेळ नेमकी दुसऱ्या खळग्याच्या तोंडाशी जाऊन पडली आणि मला आलेखात वावगं दिसलं नाही. अर्धा दिवस सोडून दुसरी कुठलीही चूक केली असती तर लगेच पकडली असती.

शिवाय तो रकाना सूर्यावरचा नव्हताच. दुसऱ्या रकान्यातून वेळ घेतली, २४६०१२३.८४वर पुढचे दशांश नव्याने बसवले. २८ जून २०२३. पालोमारवर रात्रीचा एक वाजून गेलेला, आमच्याकडे दुपारचे पावणेदोन, आणि मी बहुधा जेवत असेन.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंजूर. पान उघडलं : शर, ईडब्ल्यू, ०.३४३२३ दिवस, शोधकाच्या जागी माझं आणि भाचीचं नाव. शेऱ्यात आम्ही एक ओळ घातली होती ती तशीच ठेवलीय, की ३.४ विकलांवर तेवढ्याच तेजाचा स्थिर शेजारी आहे, मोजताना दोघे मिसळू देऊ नयेत.

आकाश मोकळं होतंय. दुर्बिणीचा पेटारा उघडला, आरसा स्वच्छ आहे. क्रमांक ३१५ ते ३६० बघायचे राहिलेत, पण दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचा दाब पहाटेपासून खाली येतोय, आधी तिकडे जातो.